नावापुरती बोली

श्रावणातला मंगळवार. सकाळी परळच्या आवारात जुन्या गाड्यांचा लिलाव होता. गेलो, काही न घेता परतलो.

बाबा, आज एक माणूस वारलेल्या भावाची टॅक्सी सोडवायला आला होता. त्याच्या आड नको म्हणून व्यापारी गप्प राहिले, नावापुरती बोली मी दिली. एकच बोली आली तर गाडी मागे घेतात, हा नियम अजून तसाच आहे. त्याने माझ्यावर बोली चढवली आणि गाडी त्याला मिळाली. जाताना मला ऐकू येईल असं म्हणाला, "मेलेल्याच्या गाडीवर पण यांचा डोळा."

तेव्हापासून ती लालबागची बाई डोळ्यांसमोर आहे. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. तिचा नवरा मोर्च्यात नव्हता, टॅक्सी घेऊन घरी येत होता, गोळी लागून गेला. हप्ते थकले म्हणून पेढीने टॅक्सी लिलावात काढली. ती दिराच्या हाती देऊन घर चालवायचं, एवढाच तिचा आधार होता. बाईच्या आड कुणी यायचं नाही, हे चहा पितानाच सगळ्यांनी ठरवलं. नावापुरती बोली तुम्ही द्यायची. "दादा, बेतानं बोला, नायतर गळ्यात पडेल तुमच्या," कुणीतरी म्हणालं आणि तुम्ही हसलात.

गाडी पुकारली. बाईने बोली दिली. तुम्ही दाराला पडलेल्या गोळीच्या भोकाकडे बघत उभे. मी तुमची बाही ओढतोय. बोलीचा बिल्ला तुमच्याकडे, मला बोली देता येत नाही. बाकीचे तुमच्यावर विसंबलेले. तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि गाडी मागे घेतली गेली.

बाई तुमच्यापाशी आली. "भाऊ, कोणच बोललं नाय, म्हणजे गाडी माझीच ना?"

तुम्ही मान खाली घातलीत. पुढच्या लिलावाला पैसे घेऊन गेलात, पण पेढीने ती त्याआधीच परस्पर विकली होती. काही महिन्यांनी त्या बिऱ्हाडाला कुलूप दिसलं. गावी गेले, एवढंच शेजारी म्हणाले. आईने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, घसा बसला होता. नंतर तो विषय घरात कधी निघाला नाही.

आज त्या माणसामागे फाटकापर्यंत गेलो होतो. खरं काय ते सांगणार होतो. त्याची गाडी त्याला मिळाली होती, माझ्या सांगण्याने त्याचं काही अडलं नव्हतं. त्याने मला चांगलं म्हणावं, एवढ्यासाठीच गेलो होतो. परत फिरलो.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीतच. तांदूळ निवडून झालेत, आता भात लावतो.