खरं सांगायचं की मिटवायचं

जांभूळवस्ती, लोणी काळभोरजवळ
३ फेब्रुवारी २०२५

चि. दीपाली हिस बाबांचा सप्रेम जयभीम.

थंडीचं रडगाणं वाचलं. बेलफास्टला स्वतःच्या हौसेनं गेलीस, आता स्वेटर घाल. आईचे गुडघे बरे आहेत. जन्म टपालखात्यात गेला, म्हणून हे फोनवर न बोलता कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

माझं डोकं चालेनासं झालंय. गावच्या कमानीच्या नावावरून आपल्या आणि पलीकडच्या वस्तीत मारामारी झाली त्याला दोन वर्षं झाली. ज्या दगडानं माझा उजवा डोळा गेला तो विश्वजीतनं मारला, हे मी पाहिलं. एकवीस तारखेला कोर्टात माझी साक्ष आहे. काल गावच्या शांतता समितीनं बैठकीत सुचवलं, की सीतारामरावांनी, म्हणजे मी, गर्दीत नीट दिसलं नाही एवढंच म्हणावं. दोन्ही वस्त्या पुन्हा बोलू लागतील. विश्वजीतचा बाप दत्तोबा, पलीकडच्या वस्तीतला पण माझा शाळेपासूनचा सोबती, मान खाली घालून बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, की पोराला नोकरी लागायची हाय.

तू तिकडे शांतताच शिकतेस ना? मग सांग, काय करू?

तुझा,
बाबा

बेलफास्ट
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस सविनय जयभीम.

स्वेटर दोन घालते. इथलं तेवढं सांगते. इथे दोन पंथांच्या जुन्या रक्तपातावर समझोता होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी दोन वस्त्यांमधल्या भिंती उभ्याच आहेत. त्यांना शांततेच्या भिंती म्हणतात; मला हसावं की रडावं कळत नाही.

वर्गात एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. त्यांच्या भावाला मारणारा त्या समझोत्यात तुरुंगातून सुटला. बाईंनी सार्वमतात समझोत्याच्या बाजूनंच मत दिलं होतं. म्हणाल्या, की माफ केलेलं नाही. पण मारलं कुणी हे सगळ्यांना माहीत आहे, आणि शांततेसाठी खोटं बोल असं मला कुणी सांगितलं नाही.

यातून तुम्ही काय घ्यावं, ठाऊक नाही. काहीही केलंत तरी मी तुमच्याच बाजूची.

आपली,
दीपाली

जांभूळवस्ती
२४ फेब्रुवारी २०२५

चि. दीपाली हिस अनेक आशीर्वाद.

मी खरं सांगितलं. विश्वजीतनंच दगड मारला, म्हणालो. हेही म्हणालो, की त्याचं आयुष्य वाया जावं असं मला वाटत नाही. त्याचा वकील उलटसुलट विचारू लागला, तेव्हा विश्वजीतच उभा राहून म्हणाला, की काका खरं सांगतायत. वकिलानं त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

कोर्टाच्या जिन्यात दत्तोबानं विचारलं, की आता झालं का समाधान? मी कठडा धरून खाली उतरलो. समितीच्या मंडळींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. आपल्या वस्तीतले काही म्हणतात, की आयुष्याचं ते वाक्य कशाला जोडलंत?

आज सकाळी दत्तोबाची बायको बायडाबाई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, भांडायला आली. तिनं आईकडे पाणी मागितलं. ओट्यावर बसून तांब्याभर प्यायली आणि निघून गेली.

चाळीस वर्षांच्या ओळखीत तिनं आपल्या घरचं पाणी घेतलेलं मला आठवत नाही. आई विचारते, याचा अर्थ काय. तुझ्या पुस्तकांत असेल तर कळव.

माया आहेच, ती पत्रांतून येऊ दे.

तुझा,
बाबा