पाठराखणीचा पासपोर्ट

२० सप्टें. ७८, बुध. कुंडल

शाळेतून आले तर नणंद सुमन दारातच उभी. हातात निळा लिफाफा, मॉरिशसचा. देवेंद्रच्या आईचं पत्र. लग्न तिकडंच करायचं म्हणतात, माघात, आजोबांच्या घरापुढं, समुद्राच्या वाळूवर. आजोबा नव्वदीचे, हलवता येत नाहीत. त्यांचे वाडवडील बोटीतून उतरले तोच किनारा, तिथंच देशावरची सून उभी राहायला हवी असा म्हाताऱ्याचा हट्ट. देवेंद्र सांगलीला इंजिनिअरिंगला होता तेव्हा माझ्या माहेरी जेवायला यायचा, नणंदबाई तिथंच बी.ए.ला. पुढचं सगळं मला माहीत होतं, कुणाला सांगितलं नव्हतं.

मामांनी (सासरे) पत्र ऐकून घेतलं आणि देव्हाऱ्यामागं ठेवून दिलं. पितृपंधरवडा आहे, लग्नाचा शब्द नको म्हणाले. आजेसासऱ्यांची पंचमीला पानं मांडली. ह्यांचं पान नाही. सात वर्षांत ते मांडायचं का, असं ह्या घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही. एकाहत्तरच्या लढाईतनं 'बेपत्ता' अशी तार आली होती, त्यापुढं सरकारनं काही कळवलं नाही.

३ ऑक्टो., मंगळ.

घट बसले. पत्र बाहेर काढलं. तात्या (चुलतसासरे) आले, म्हणजे आता चर्चा. मुलाच्या दारात लग्न हे आपल्यात नवं नाही, पूर्वी तसंच व्हायचं, हे त्यांनी मान्य केलं. पण वाळूत मेढ कशी रोवायची? लाट आली तर? वऱ्हाडाची पायताणं कुठं ठेवायची? वाजंत्री खाऱ्या वाऱ्यात सनई कशी फुंकणार? मी म्हटलं, तात्या, वाजंत्री न्यायची नाहीत, तिघंच जायचंय. तेव्हा कुठं गप्प झाले.

आपलं देवक कळंब. तिकडं कळंब नाही असं देवेंद्रनं लिहिलंय. वाळलेली फांदी नेली तर कस्टमवाले काढून घेतील म्हणे. मामा पानं हळदीत बुडवून फडक्यात बांधणार. मिलिटरीत जन्म काढलेला माणूस, कस्टमला भीत नाही.

देवेंद्रच्या आईनं एक गोष्ट दोनदा लिहिलीय. हळदीच्या ओव्या येणारी सवाष्ण आणा. त्यांच्या गावात ओव्या येणारी शेवटची बाई तीन वर्षांपूर्वी गेली. आत्तींचे (सासूबाई) गुडघे गेलेत. तात्यांकडच्या काकूंना ओव्या येतात, पण कऱ्हाडपर्यंत मोटारीत बसल्या तरी तीन वेळा उलटी. राहिले मी.

"कमळ जाईल पाठराखीण म्हणून," आत्ती म्हणाल्या. "सवाष्ण हाय ती."

 मी कपबशा उचलल्या.

५ ऑक्टो.

मला जायचंय. इथं लिहिते, दुसरीकडं कुठं बोलता येत नाही. मला फार जायचंय. समुद्र बघितलेला नाही. शेवटच्या रजेत हे म्हणाले होते की पुढच्या खेपेला रत्नागिरीला नेतो. सुट्टी कसली, परत गेले ते गेलेच. सहावीला भूगोल शिकवताना भरती-ओहोटी फळ्यावर काढते. एक पोरगी म्हणाली, बाई, तुम्ही बघितलाय का? मी म्हटलं, चित्रात बघ.

१३ ऑक्टो., शुक्र. सांगली

दसरा झाला. भावाबरोबर पासपोर्टचे फॉर्म घेऊन कचेरीत. मामांचा झाला, सु.चा झाला. माझ्या फॉर्मवर कारकुनाचं बोट थांबलं. बरा माणूस, वयस्क. पती हयात? मी म्हटलं, हो. मग त्यांची संमती आणा, सहीनिशी. म्हटलं, सही आणता येत नाही. मग मृत्यूचा दाखला आणा. म्हटलं, तोही नाही. त्यानं चष्मा काढून पुसला.

"बाई, दोन्हीतलं एक काही तरी असणार ना."

भावाचा वकील मित्र आहे, त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं कोर्ट धरून चालतं. डिसेंबरात सात भरतात. अर्ज केला तर माघाच्या आत निकाल मिळेल, ओळख आहे. मग विधवा म्हणून पासपोर्ट, काही अडचण नाही.

अडचण नाही म्हणे. हे मेले तर मी जाऊ शकते. पण हे मेले तर हळद लावायला मला कोण बोलावतंय? मांडवाच्या कडेला बसून मी ओव्या म्हणायच्या? आणि मेले नाहीत तर मी कुंडलातच. येताना एस.टी.त हसू आलं, भाऊ घाबरून बघायला लागला.

१५ ऑक्टो.

आत्तींना वकिलाचं सांगितलं. जात्याजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, कोर्टाला काय कळतंय. रहिमतपूरच्या गणपतनं डोळ्यानं बघितलाय, जिता, सरहद्दीवरच्या उसाच्या रानात पळताना. तो काय खोटं बोलंल?

तेच. गणपतराव ह्यांच्याच पलटणीतले, लढाईत बरोबर होते. सात वर्षं तेवढ्यावर ह्या घरात कुंकू आहे. माझंही. फोटोला हार घातलेला नाही.

१ नोव्हें., पाडवा

फोटोला ओवाळलं. दर वर्षी आत्ती ताट तयार करून हातात देतात आणि मागं उभ्या राहतात. आज तबक फिरवताना ह्यांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. येईना. हसणं आठवतं, 'च्यायला' म्हणायचे ते आठवतं शब्द म्हणून, पण आवाज नाही. कुणाला सांगू.

पलूसच्या स्टँडवर परवा एकाची मान पाठीमागून तशीच. कानामागं चामखीळ. मी रांग सोडून गेले. पुढनं बघितला तर चाळिशीच्या पलीकडचा, पान खाणारा. मग लक्षात आलं की हेही आता चाळिशीचेच असतील. मी अजून तेहतिसाव्या वर्षाचा माणूस शोधते. असतील तर मला ओळखतील का, मी त्यांना ओळखेन का. गाडी चुकली ती चुकलीच.

४ नोव्हें.

देवेंद्रचं पत्र सु.ला, तिनं मलाच वाचायला दिलं, लाजत. किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, त्यांना वारा लागला की बाई हुंदके देते तसा आवाज येतो म्हणे. काय लिहावं नवऱ्या मुलानं लग्नाआधी. नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालणार. माघ म्हणजे तिकडं वादळाचा मोसम, पण आजोबा म्हणतात वादळ आलं तर आत बसू आणि गेलं की लग्न लावू. त्याचं मराठी गमतीचं, मधेच कोकणी वळण, मधेच फ्रेंच.

सु. म्हणते, तू नाही आलीस तर मी मांडवात पाय ठेवणार नाही, वैनी. तिला एकटीची भीती आहे. एवढं पाणी ओलांडून जायचं आणि सोबतीला घरचं बाईमाणूस कुणीच नाही. मी म्हटलं, येईन. कशी ते विचारलं नाही तिनं.

१२ नोव्हें., रवि. रहिमतपूर

शाळेला सुट्टी. पॅसेंजरनं एकटीच गेले. घरी सांगितलं, देवकाच्या पानांचं विचारायला. खोटं.

गणपतराव गुऱ्हाळावर होते. आता पेन्शन, एक हात नीट उचलत नाही. मला बघून काहिलीपासून उठले, खाट झटकली, रस मागवला. मी रसाला हात लावला नाही. म्हटलं, भावजी, नीट सांगा, तुम्ही काय बघितलं. लग्न आहे, मला कळायला पाहिजे मी कोण म्हणून जायचं.

खाटेच्या कडेला टेकले. मग म्हणाले,

"वैनी, मी काय बघितलं न्हाई. धुरळा व्हता लय. आपला सदा माझ्या डाव्या अंगाला व्हता, मग न्हवता. एवढंच."

मग पळताना बघितला ते?

"दवाखान्यातनं सुटून पहिल्यांदा तुमच्या घरला आलो. आत्तींनी माझं पाय धरलं. म्हातारीनं माझं पाय धरलं, वैनी. तोंडातनं निघून गेलं. आन मग परत्येक साली विचारायच्या, मी त्येच सांगायचो. आता वळण सुद्धा पाठ झालंय, कुठल्या बांधावरनं पळाला त्ये."

मी रागावले नाही. रागावायला हवं होतं का? रस प्यायले. चांगला होता.

येताना गाडीत खिडकीबाहेर उसाची रानं. सगळीकडं ऊसच आहे इकडं. त्यातनं कुणी पळालं नाही, कधीच नाही. आणि तरी दर रानाच्या कडेला मी बघत होते.

आत्तींनी विचारलं, काय म्हणला गणपत. कुठनं कळलं देव जाणे. मी म्हटलं, तेच. त्यांनी मान हलवली आणि भाकरी वाढली.

१८ नोव्हें.

मामा वकिलाकडं जायला तयार आहेत. कधीपासून तयार असतील. काल मळ्यात पाणी पाजताना मला म्हणाले, पोरी, आमीच तुला अडकवून ठिवलंय. एवढंच. मग पाट फोडायला गेले. सात वर्षांत मामा माझ्याशी एवढं बोललेले नाहीत.

अर्ज केला की आत्तींना कळणार. दहावा-तेरावा करायचा की नाही, बांगड्या कुणी फोडायच्या, सगळं आलं. सु.चं लग्न मग वर्षभर पुढं. म्हातारे आजोबा थांबतात का?

२४ नोव्हें., शुक्र.

आज तात्यांनी एक कागद आणून दिला. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात होता.

आठवलं. शेवटच्या रजेत विहिरीवर मोटर बसवायची चालली होती. विजेच्या अर्जाला सात-बारावरच्या सगळ्यांच्या सह्या लागणार, रजा संपत आलेली. तेव्हा ह्यांनी तीन कोऱ्या कागदांवर खाली सही करून ठेवली होती. सगळेच मिलिटरीवाले करतात तसं इकडं, मागं कुठलं काम अडायला नको म्हणून. दोन लागले. हा तिसरा राहिला.

तात्यांनी चटईवर ठेवला. पिवळट कागद, घडीवर थोडा विरलेला. वर काही नाही. पार खाली उजवीकडं सही. शेवटचं अक्षर लांब ओढलेलं, खाली दोन टिंबं.

"सही पायजे म्हणतोय न्हवं त्यो कारकून? ही घ्या. कोण नकली म्हणंल?"

मामा उठून बाहेर गेले. सु. माझ्याकडं बघत राहिली. आत्तींनी कागदाला हात लावला, मग हात कपाळाला.

"तुज्यासाठीच ठिवलाय त्यानं," आत्ती म्हणाल्या. "त्याला ठाव व्हतं."

मला माहीत आहे की तो मोटरीसाठी होता. सगळ्यांनाच माहीत आहे. तरी अंगावर काटा आला.

२६ नोव्हें.

कागद माझ्या कपाटात. शाळेत लक्ष नाही. वकिलाला विचारलं नाही, तो काय सांगणार ते माहीत आहे. कळलं तर नोकरी जाईल.

त्याहून दुसरी गोष्ट. हा एक कोरा कागद आहे तोवर ह्यांच्याकडून अजून काही तरी यायचं राहिलंय. लिहून टाकलं की संपलं. हे कुणाला कळेल? मला तरी कुठं पुरतं कळलंय.

आणि गणपतरावांचं मी आत्तींना सांगितलेलं नाही. ते खोटं त्यांनी सात वर्षं सांभाळलं, आता मी. मीही वळण पाठ करणार बहुतेक.

३ डिसें., रवि.

वहीच्या मागं कच्चं लिहून बघितलं. अर्जाची भाषा चालत नव्हती. मग ह्यांची जुनी पत्रं काढली आणि त्या वळणानं लिहिलं. 'पत्रास कारण की, माझी पत्नी सौ. कमल हिला माझ्या बहिणीच्या लग्नाकरता परदेशी जाण्यास माझी कसलीही हरकत नाही.' पेन थांबेना. 'तब्येत संभाळणे. गाडीत खिडकीला बसणे. समुद्रात लय आत जाऊ नये, पोहता येत नाही. आईला तिथलं पाणी बाटलीत आणणे.'

आवाज आला. पाडव्याला आला नाही तो आज आला, थोडा घोगरा, शब्द संपताना खाली जाणारा. माझ्याच हातातनं. मी पेन ठेवलं आणि दार लावून रडले. खूप दिवसांनी. वाईट वाटून नाही, नक्की कशानं ते सांगता येत नाही.

पाणी, समुद्र वगैरे खोडलं. हरकत नाही एवढंच ठेवलं.

५ डिसें., मंगळ.

सात वर्षं भरली. घरात कुणी तारखेचं बोललं नाही. मामा पहाटेच मळ्यात गेले ते अजून आलेले नाहीत. आत्तींनी पुरणपोळी केली, कारण विचारलं नाही. सु. मुंडावळ्यांचे मणी ओवतेय. देवेंद्रची तार आली, मांडवाचे खांब वाळूत चार हात खोल पुरलेत, हलत नाहीत. तात्यांना वाचून दाखवली.

दुपारी बसले. शाळेचं शाईपेन, निळी शाई, सहीच्या शाईशी जुळावी म्हणून थोडं पाणी घातलं.  सहीच्या वर पाच ओळी बरोबर बसल्या. सौ. लिहिताना थांबले नाही. तारीख आजची घातली. आज हे हयात आहेत, ह्या कागदावर तरी. उद्या कारकून शिक्का मारेल, मग सरकारदरबारीही असतील. आणि मी हळद लावायला जाईन. पुढं वकिलाचा रस्ता बंद झाला, तोही मीच केला.

तात्या सकाळी साडेसहाच्या गाडीनं सांगलीला कागद नेणार, तेव्हा आजच पुरा व्हायला पाहिजे. कचेरीच्या नमुन्यात सहीच्या डाव्या अंगाला एक ओळ आहे, ती राहिली. सही करणाराचा सध्याचा मुक्काम. कुंडल लिहिलं तर कारकून म्हणेल, मग त्यांनाच घेऊन या. पलटणीचा पत्ता लिहावा तर तिथून 'बेपत्ता'ची तार आलेली.

दिवेलागण झाली. तिथं अजून काही लिहिलेलं नाही.