घरच्या फोटोंची जोडी

दि. ९ मार्च, रविवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. ते द्यायची माझी पात्रता उरली आहे का, हे पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव. फोन तू उचलत नाहीस, ते ठीकच आहे. तुझ्या जागी मीही उचलला नसता.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमी. तुझ्या वहिनीने पुढची खोली रंगवायला काढली आहे आणि मला शिडी धरायच्या कामावर लावलं आहे. एवढं एक तुम्हाला नीट जमतं, असं ती म्हणाली. तुझ्या प्रचाराचं पत्रक अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे. ते तिनेच लावलं. बाबांनी काढलं नाही, यातच काय ते समज.

तू हरलीस याचं फार वाईट वाटलं, तब्येत सांभाळ, एवढं लिहून थांबायचं होतं. तसं पत्र लिहिलंही आणि फाडलं. वाईट तर तुला मत न देणाऱ्या शेजाऱ्यांनाही वाटलं असेल. माझी गोष्ट वेगळी आहे.

मतदान केंद्रावर चेहरा ओळखणारं ते यंत्र आमच्या कंपनीचं, हे तुला माहीत आहे. ते तपासायचं काम माझ्याकडे होतं, हेही माहीत आहे. ऑफिसात मला किरकिऱ्या म्हणतात. प्रत्येक गोष्टीत खोट काढतो म्हणून म्हणतात, आणि त्याचाच मला पगार मिळतो. बाकीचं तुला माहीत नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. यंत्र बाजारात जायच्या आधी प्रत्येकाने घरच्या फोटोंची एक जोडी आणायची, एकाच माणसाचा जुना फोटो आणि आत्ताचा. यंत्राला दोन्ही दाखवायचे आणि ते माणूस ओळखतं का बघायचं. कोणी लग्नातला आणि लग्न मानवल्यानंतरचा फोटो आणतं. एकाने आजोबांचे आणले, कवळीसह आणि कवळीशिवाय. शेजारच्या टेबलावरची मुलगी आजारपणात केस गेलेल्या मावशीचे घेऊन आली. यंत्र जिथे चुकतं तिथे आम्ही ते दुरुस्त करतो. म्हणजे आमच्या घरात जे जे घडलं आहे, तेवढं यंत्राला कळतं.

या यंत्राच्या चाचणीच्या दिवशी माझ्या शर्टाच्या खिशात तुझी जोडी होती. एक तुझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा फोटो, मिसरूड फुटलेली, चेहऱ्यावर जगाचा राग. दुसरा या पत्रकावरचा, केस मागे बांधलेले, हसरा. मतदार यादीतलं तुझं नाव बदललं, पण फोटो तो जुनाच राहिला होता, हे तू मला केव्हाच सांगितलं होतंस. यंत्र अडखळणार ते इथेच, हे मला कळत होतं. माझं कामच ते आहे.

माझी पाळी यायच्या आधी चहा आला. कोणीतरी खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं तुझं पोस्टर दाखवलं आणि काहीतरी बोललं. काय ते लिहीत नाही. तू याहून वाईट ऐकलं असशील. सगळे हसले. मीही हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. आणि मग साहेबांनी विचारलं, "किरकिऱ्या, तुझी जोडी कुठाय?" तेव्हा मी मोबाइलमधून बाबांचे दोन फोटो दिले, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय. इतकी वर्षं त्या ऑफिसात मी एकुलता एक आहे, भिंगरी. कोणी विचारलं की तसंच सांगत आलो.

मतदानाच्या दिवशी मी ऑफिसात बसून होतो. तुझ्या वॉर्डातून फोन यायला लागले. यंत्र अमुक बाईला नाही म्हणतंय, तमुक माणसाला नाही म्हणतंय. तुझ्यासोबत दारोदार फिरलेली ती सलूनवाली, तो व्हॅनचा ड्रायव्हर, तुझ्यासारखाच यादीत जुना फोटो राहिलेल्या सगळ्यांना रांगेतून बाजूला काढलं. अधिकारी येऊन बघतील, तोवर थांबा म्हणाले. अधिकारी आले तेव्हा दारं बंद व्हायची वेळ झाली होती. कितीतरी जण त्याआधीच मान खाली घालून घरी गेले. सगळ्यांसमोर कोण किती वेळ आपला चेहरा सिद्ध करत उभा राहील? आणि मग स्वतः उमेदवारालाच रांगेबाहेर उभं केल्याचा व्हिडिओ आला. तू भांडत नव्हतीस. पदराशी चाळा करत उभी होतीस. लहानपणी मास्तर वर्गाबाहेर काढायचे तेव्हा सदऱ्याच्या टोकाशी करायचीस, तसाच. मला तो व्हिडिओ पूर्ण बघवला नाही.

इतक्या थोड्या मतांनी हरलीस की ती बाहेर थांबलेली माणसं आत गेली असती, तर आज तू नगरसेविका असतीस. हे सगळे म्हणतात. मी म्हणत नाही, मला ते ठाऊक आहे.

बाबाही मत द्यायला गेले होते. मला न सांगता, इस्त्रीचा शर्ट घालून. तुझ्याशी बोलत नाहीत, पण तुला मत द्यायला गेले. त्यांना यंत्राने डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडलं. का नाही सोडणार, मीच ओळख करून दिली होती. संध्याकाळी बातम्या बघताना म्हणाले, "आपल्या पोरीला कसं ओळखलं नाही रे तुझ्या यंत्रानं?" मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, यंत्राचं काय सांगता येतं, बाबा.

तू तक्रार केलीस, फेरमतदान मागितलंस. कंपनीचं उत्तर लिहायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी लिहिलं, "असा प्रसंग उद्भवेल हे चाचणीच्या वेळी कोणाच्याही लक्षात येणं शक्य नव्हतं." साहेबांना वाक्य आवडलं. मलाही क्षणभर आवडलं, याची लाज वाटते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी तुझी जोडी यंत्राला दाखवली. खिशात राहून जुन्या फोटोचा कोपरा दुमडला होता. यंत्र म्हणालं, वेगळी व्यक्ती. मी पुन्हा दाखवली. पुन्हा तेच. मावशीचे फोटो आणणारी मुलगी डबा घेऊन मागे उभी होती, मला कळलंच नाही. ती म्हणाली, "दोघांच्या हनुवटीवर खूण एकच आहे की. कोण आहे ही?"

"माझी बहीण."

"आणि हा?"

"तीच," मी म्हटलं.

खूण मी झोका जास्त जोरात दिला त्याची आहे, हेही सांगितलं. का सांगितलं कोणास ठाऊक. डबा टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मग हे तेव्हा का नाही आणलंत?" चिडून नाही विचारलं. चिडून विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग साहेबांकडे गेलो. उत्तरातलं ते वाक्य खोटं आहे, ते काढा म्हटलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "घरचं घरात ठेवावं माणसानं." मी म्हटलं, "घरातच ठेवलं होतं साहेब, म्हणून तर हे झालं." वाक्य काही काढलं नाही. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. वहिनीला सांगितलं, ती म्हणाली, रंग पूर्ण होईपर्यंत शिडी धरा, मग बघू. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

गुरुवारी सुनावणी आहे. त्या उत्तरावर सही माझी आहे, त्यामुळे कंपनीचा साक्षीदार म्हणून माझं नाव पुकारतील, तेव्हा दचकू नकोस. दोन्ही फोटो घेऊन येतो आहे. मला माहीत होतं, हे मी तिथे सांगेन. त्याने फेरमतदान मिळेलच असं नाही. आणि मिळालं तरी त्या दिवशी मान खाली घालून घरी गेलेली माणसं पुन्हा रांगेत उभी राहतील का, हे मी सांगू शकत नाही. ते मोडलं ते मोडलं.

बाबा बरोबर यायचं म्हणतायत. तुझ्या बाजूच्या बाकावर बसायचं आहे त्यांना, पण तू बसू देशील का, हे मला विचारायला सांगितलं आहे. माझ्यासाठी मी काही विचारत नाही.

तुझा,
आणि आता ऑफिसातही सगळ्यांना माहीत असलेला,
दादा