हाडातला ड

अगं,

चहा झाकून ठेवलाय. मी डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावायला गेलोय, तू बागेतून आलीस की दहापर्यंत तिथे ये.

सकाळी चष्मा शोधताना तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी हाती लागली. अकरा दिवसांच्या अकरा गोळ्या जागच्या जागी! "ड जीवनसत्त्व चालू आहे ना, मग हृदयाची काळजी मिटली," असं बागेतल्या त्या बाकावरच्या निवृत्त कंपाउंडरने सांगितलं असणार. मी काही सांगितलं की "तुम्ही पोरांना शिकवा", आणि त्याने सांगितलं की वेदवाक्य.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ड कमी असेल तर जरूर घ्यावं, हाडांना हवंच. पण त्याने बायकांचा हृदयविकार टळतो, असं मोठमोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही. त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी सोडायची नाही. आजची एकच घे, बुडालेल्या भरून काढू नकोस. पोरांना सांगतो तसं सांगतो: हाडात ड आहे, हृदयात नाही.

रागावलेलो नाही. घाबरलोय. आणि खरं सांगायचं तर, शिकवताना खिडकीतून तो बाक दिसतो. घरी महिन्यात हसत नाहीस तेवढी तिथे अर्ध्या तासात हसतेस.

उद्यापासून शिकवणी तासभर उशिरा. मीही उन्हात बसायला येणार. आणि बाकावर मधे मी बसणार.

तुझे 'अहो'