डोळे मिटून चालायचं घर

३ मार्च, मंगळवार

दादाने ठरवूनच टाकलं! पुढच्या शुक्रवारी गाडी येणार आणि धाकटीला, आमच्या लहान बहिणीला, शुश्रूषागृहात नेणार. "ती आता कुणाला ओळखत नाही गं. कुणासाठी एवढी राबतेयस?" — हे तिच्या पलंगाला टेकून, जेवता जेवता! मी म्हटलं, हळू बोल. तर म्हणे, "तिला काय कळतंय?"

झटका येऊन दोन महिने झाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे उघडे असतात, पण बघत नाहीत. डॉक्टर म्हणतात, आत समज उरलीय अशी एखादी खूण दिसली तर व्यायाम सुरू करू, तिला घरीच ठेवा. खूण! ती कुठून आणू?

५ मार्च, गुरुवार

ड्रायव्हिंग शिकवून डोकं उठलंय. पण आज बँकेतल्या काकूंनी कमाल केली. रोज चौकात गाडी बंद पाडणारी बाई आज लोण्यासारखी वळली! म्हणाल्या, "घरी खुर्चीत डोळे मिटून बसते आणि खोटाखोटा क्लच दाबते. पाय हलले की रस्ता दिसतो. नुसतं आठवायला गेलं की सगळा काळोख."

मी गाडी बाजूला घ्यायला लावली. काकू घाबरल्या, काही चुकलं का म्हणून. मला आमचा खेळ आठवला होता!

लहानपणी आम्ही पाचजण एका खोलीत. म्हणून धाकटीने आणि मी एक मोठं घर रचलं होतं. "चल, घर चालूया." हात धरायचा, डोळे मिटायचे आणि पलंग-कपाटाच्या मधून चालायचं. दार ठेंगणं, म्हणून वाकायचं. बोळ अरुंद, म्हणून अंग चोरायचं. स्टुलावर चढलं की माडी. चाललं तरच दिसायचं, थांबलं की गेलं! दादा हसायचा आम्हाला.

८ मार्च, रविवार

दार लावून तिच्यासमोर चालले. या वयात! वाकले, अंग चोरलं, स्टुलावर चढले. गुडघा आपटला, पण दिसलं — माडीची खिडकी, स्वयंपाकघराचा हिरवा कट्टा, सगळं जागच्या जागी. आनंदाने डोळे उघडले, तर धाकटी छताकडे बघत होती. नुसती.

खूप रडले. दादाचंच खरं असलं तर?

९ मार्च, सोमवार

शुक्रवारी गाडी येणार. दुसरं काही सुचत नाही.

१० मार्च, मंगळवार

अगं मूर्ख बाई, चालायला तिने पाहिजे, तू कशाला नाचतेस! तिच्या डाव्या हाताची दोन बोटं धरली आणि चादरीवर चालवली. ठेंगण्या दाराशी वाकवली, बोळात आडवी केली, माझ्या मुठीवर चढवली — माडी. पुन्हा. पुन्हा. ओल्या फडक्यासारखा हात. मध्येच दादाचा फोन, "तिचे कपडे भरलेस का?" फोन बंद केला आणि बोटं पुन्हा ठेंगण्या दाराशी नेली.

११ मार्च, बुधवार

मुठीवर चढताना बोट आपणहून उचललं गेलं! उचललं ना? डॉक्टरांना फोन केला. "स्नायू असे अधूनमधून हलतात. एवढ्यावर खूण म्हणता येणार नाही." संध्याकाळपर्यंत धडपडले, पुन्हा काही नाही.

बॅग भरली. मीच भरली.

१२ मार्च, गुरुवार

आज तिची बोटं माझ्या हातातून सुटली आणि स्वतः चालू लागली. माडीकडे नाही, डावीकडे, भिंतीकडे. आमच्या घरात तिथे दार नव्हतंच! तिने ढकललं, आत गेली. मी माझी बोटं मागोमाग नेली, तर तिने वळून तळहात आडवा घातला आणि एक बोट सरकवून आतून कडी लावली. मग सरळ माझ्याकडे बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

रागावलीय! तिच्या उशाशी बसून आम्ही जे जे बोललो, ते सगळं ऐकलंय तिने.

दादाला फोन केला — गाडी नको, तू ये, आणि आल्या आल्या आधी तिची माफी माग. माझी मागून झालीय. तिने अजून दार उघडलेलं नाही.