लाल सोडून कोणताही रंग

१० ऑगस्ट १९७५, रविवार

रोहूही ताटातून परत! हे कारंज्याच्या डेपोतून घरी येताना आईसाठी मुद्दाम शेलूबाजारात उतरले. मरळ मिळाली नाही म्हणून रोहू आणली. आत्याबाईंनी वास घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ताप जाऊन इतके दिवस झाले, पण पोटात नुसती पेज, तीही दोन घोट. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, ‘विषमज्वर गेला. आता औषधानं काही व्हायचं नाही, अन्न गेलं पाहिजे. नाहीतर अवघड आहे.’ हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते. मला बघवत नाही.

आणि मागणं एकच – ‘मरळ आन. आपल्या तळ्यातली.’ कोण आणणार? गावात गळ टाकणारी बाई एकच, आणि ती खाटेवर!

११ ऑगस्ट

हे ड्युटीवर गेले. मी सांगून टाकलं, मी जाते तळ्यावर. आत्याबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. ‘तू? गांडूळ पाहून वरडते तू!’

मरळीला जिवंत बेडकी लावतात म्हणे. मी कानांवर हात ठेवले. पंचशीलातलं पहिलंच शील आठवलं, जीव न मारण्याचं! त्या म्हणाल्या, ‘बेडकीची दया येते, अन् मरळीची नाई येत?’

मग त्याच म्हणाल्या, ‘चिंधीची बेडकी कर. शेवाळावरून नाचवत आन. पानी गढूळ असंन त काळी, निवळ असंन त हिरवी नाई त पिवळी. लाल सोडून कोनताई रंग.’

‘लाल काहून नाही?’

‘नाई म्हनलं ना.’

१३ ऑगस्ट

हिरव्या खणाची बेडकी केली, आत कापूस, पाय कोंबडीच्या पिसांचे. माझी मलाच आवडली! तळ्यावर भागिरथाबाई धुणं धूत होत्या. ‘हौसाबाईची सून गरी टाकून राह्यली वो!’ – सगळ्या बायका हसल्या. हसू देत.

मासा आला मात्र! बेडकीमागे पाण्यात एक मोठी सळसळ, अगदी जवळ – आणि वळून गेला. घरी बेडकी दाखवली. आत्याबाई म्हणाल्या, ‘माय वो! लिंबाएवढी बेडकी! ते मरळच भेली असंन. अंगठ्याएवढी कर.’

१४ ऑगस्ट

अंगठ्याएवढी केली. सकाळभर टाकली. काही नाही.

आत्याबाईंनी माझा हात ओढून हुंगला. ‘साबन! गरी टाकाले गेलती का लग्नाले?’ मी तर बेडकीही साबणानं धुतली होती, स्वच्छ असावी म्हणून! आता म्हणे, आधी काठचा चिखल हाताला चोळायचा, मग सुकटीचा भुगा, आणि तोच बेडकीला. केसांना वासाचं तेल नको. या बाईला पाण्याखालचं सगळं दिसतं, आणि मी चार वर्षं या घरात राहून एकदाही विचारलं नाही.

१७ ऑगस्ट

पाऊस. पाणी गढूळ. काळी बेडकी. काही नाही. आज पेजही नको म्हणाल्या.

१९ ऑगस्ट

काय पाहिलं मी आज! कसं लिहू?

पाणी निवळलं होतं. लव्हाळ्यापाशी पाण्यावर एक तांबडा डाग. वाटलं कुणी गुलाल सांडला. तर तो डाग हलायला लागला! पिल्लं – गव्हाच्या दाण्याएवढी, मोजता येणार नाहीत इतकी. सगळी एकदम वर यायची, तोंडं उघडायची, पाणी भातासारखं खदखदायचं, की सगळी खाली. आणि त्यांच्या खाली ती. काळी, लांब, अगदी स्थिर.

एक दिवड पोहत आली. मरळ उसळली, पाणी फुटलं! एवढा साप, पण उलटा वळून पळाला. तांबडा डाग पुन्हा वर आला, जणू काही झालंच नाही. मी गळ टाकायचीच विसरले.

घरी सांगितलं तर आत्याबाई उठून बसल्या! ‘पिल्लं तांबडी होती का काळी पडली?’ ‘तांबडी.’ ‘संगं दुसरी मरळ?’ ‘नाही, एकटीच.’ मग म्हणाल्या, ‘आता लाल गरी टाकली त हमखास येते. भुकेनं नाई येत. लेकरात लाल काय घुसलं म्हनून मारते. आमच्यात टाकत नाई कोनी. मायी सासूबी टाकत नव्हती. पिल्लं काळी पडली का आपली सुटतात, मंग काईबी टाक.’

एवढं बोलून दमल्या. पेज दिली, ती ओठांवरून ओघळली.

२० ऑगस्ट

हिरवी, पिवळी, काळी. काही नाही. संध्याकाळी हाक मारली तर डोळे उघडायलाही वेळ लागला. मी फार घाबरले आहे. ट्रंकेतून माझी शाळेतली लाल रिबीन काढून ठेवली आहे.

२१ ऑगस्ट

आणली.

बेडकी डागात पडली आणि पडताक्षणी ती आली. खायला आली नव्हती, मारायला आली होती. काठी वाकून पाण्याला लागली. असली ताकद मी कधी हातात धरली नव्हती. मी रडत होते आणि ओढत होते. काठावर आली तरी माझ्याकडेच बघत होती, असं वाटलं. मागे तांबडा डाग तसाच वर येत होता, खाली जात होता. मी तिकडे न बघता निघाले.

रात्री रस्सा दिला. आत्याबाई प्यायल्या! मग तुकडा मागितला. ‘कोनता रंग होता?’ मी म्हणाले, हिरवा. त्या डोक्याचा तुकडा चोखत होत्या. जबड्यातून एक लाल धागा निघाला. त्यांनी तो ताटाच्या कडेला ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि भाकरी मोडली.

२४ ऑगस्ट

काल अर्धी भाकरी, आज एक. हे आले होते. आईला बसलेली पाहून दारातच उभे राहिले, डोळे पुसले. मला म्हणाले, जिंकलीस! मी ताट उचलून आत गेले. आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत.

२७ ऑगस्ट

सकाळी खाट रिकामी! तशीच धावत सुटले. आत्याबाई तळ्याच्या काठावर बसलेल्या, मांडीशी ढेकळांचा ढीग. एक बगळा लव्हाळ्यापाशी उतरला की ढेकूळ फेकायच्या. पाण्यावर तांबडा डाग होता, पहिल्यापेक्षा लहान, पण होता.

वळून न बघता म्हणाल्या, ‘उभी काहून राह्यली? काळी पडेस्तोर बसा लागंन. दुपारची पाळी तुयी.’