घर क्रमांक ४१ चा ओटा न पाडण्याबाबत

चिकुम्बा माळ,
दिनांक १४ ऑक्टोबर

प्रति,
माननीय वसाहत अधिकारी,
पूरसुरक्षित घरे वसाहत कार्यालय,
चिकुम्बा माळ, शिरे नदीकाठ.

विषय : घर क्रमांक ४१ पुढील अनधिकृत बांधकाम (कागदोपत्री खुराडे, प्रत्यक्षात ओटा) ३१ तारखेस न पाडण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. २ ऑक्टोबर. २) आपल्याच कार्यालयाचे खुराडे-परवानगीपत्र, दि. ९ जून.

महोदय,

१. अर्जदार वायसन माकुंगवा, वय एकसष्ट, धंदा गवंडीकाम. वसाहतीच्या एकशेवीस घरांपैकी चौसष्ट घरांना माझा हात लागलेला आहे. तेव्हा आधीच नमूद करतो, की मजबुतीबाबत माझी काडीचीही तक्रार नाही. जोते कमरेइतके उंच आहे. पत्रे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीत जखडलेले आहेत. पुरात धान्य ठेवायला माळा आहे, कुटुंब वाढले की सरकवता येईल अशी मधली भिंतही आहे. फेब्रुवारीच्या वादळात एक पत्रा हलला नाही. घर चांगले आहे, पण त्यात कोणी येत नाही.

२. आपण राजधानीतले, म्हणून लिहितो. आमच्यात कोणी उठून दुसऱ्याच्या घरात शिरत नाही. आलेला माणूस ओट्यावर टेकतो, घरची बाई चटई टाकते, मग शेंगा सोलता सोलता दोघींचा दिवस जातो. या ओट्याला आम्ही खोंडे म्हणतो. नव्या घराला तो नाही, दार उघडले की थेट खोली. आपल्या माहितीपत्रकात त्या खोलीत सोफा आणि फुलदाणी काढलेली असून खाली 'पाहुण्यांचे स्वागत करणारी जागा' असे छापले आहे. बायका दारापर्यंत येत, आत डोकावत आणि "बरं, येते हं" म्हणून उन्हातून परत जात.

३. नकाशावर आमची संमती आहे, असे आपण नोटिशीत म्हटले आहे. त्याचा खुलासा असा. नकाशा काढणाऱ्या बाई नदीकाठच्या आमच्या जुन्या मलोंडा गावी आंब्याखाली आल्या, कागद उलगडला आणि "हे घर पसंत आहे का?" असे त्यांनी विचारले. आम्ही सर्वांनी ओंजळ करून टाळ्या वाजवल्या. महोदय, एवढ्या लांबून आलेल्या माणसापुढे आम्ही टाळ्याच वाजवतो. कोणी पाणी दिले तरी वाजवतो, कोणी मयताची बातमी घेऊन आला तरी वाजवतो. 'आलात, बरे वाटले', एवढाच त्याचा अर्थ. बाईंनी 'एकमताने मंजूर' असे लिहून घेतले. त्यांचा दोष नाही. ओटा दिसत नाही हे मला, गवंड्याला, तेव्हाच दिसले होते. पण पाहुणीला तोंडावर कसे सांगायचे, म्हणून मी गप्प बसलो. सर्वांत मोठी टाळी माझी होती.

४. माझी पत्नी लोसालिया. आमच्यात जावई बायकोच्या गावी जाऊन तिला घर बांधून देतो. मी तिला तीनदा बांधून दिले, कारण दोनदा पुराने नेले. तिन्ही वेळा आधी ओटा, मग भिंती. चौथे घर हे आपले ४१ नंबरचे. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "अहो, घर झकास बांधलंत. पण मी बसू कुठं? आत बसले तर लोक म्हणतील आजारी आहे, बाहेर बसले तर म्हणतील नवऱ्यानं हाकललंय." मी हसण्यावारी नेले. त्याच महिन्यात ओट्यासाठी अर्ज केला. 'दहा वर्षे कोणताही बदल निषिद्ध' असे उत्तर आले. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर 'गरजेनुसार बदलणारे घर' असे आहे, हे आपल्या निदर्शनास आणतो.

५. मग ती रोज सकाळी चटई काखेत मारून खाली मलोंडाला जाऊ लागली. जुन्या घराच्या भिंती पडल्या होत्या, ओटा शिल्लक होता. कोळणी बाजाराला जाताना तिथे टेकत, तिची बहीण फानेसीही जाई. मी रागावलो, तर म्हणाली, "तुमच्या घराला काही होत नाही हो, मलाच करमत नाही." सतरा फेब्रुवारीला वरच्या अंगाला पाऊस झाला आणि दुपारी पाणी एकदम चढले. फानेसीला तापामुळे त्या दिवशी घरी राहावे लागले, म्हणून ती वाचली. मी तेव्हा ८८ नंबरच्या छपरावर पट्ट्या आवळत होतो. तिथून नदी दिसते. मी पाणी पाहिले आणि मनात म्हटले, बरे झाले, आपण वर आलो. लोसालिया चौथ्या दिवशी उसाच्या मळ्यात सापडली.

६. मयताला दोन गावे लोटली. रडायला आलेल्या बायकांना बसायला जागा नव्हती. खोलीत नऊ जणी मावल्या, बाकीच्या भर उन्हात धोंड्यांवर बसल्या. त्यांना पाणी देताना मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. त्याच दिवशी ओटा बांधायचे ठरवले. आपल्या नियमावलीत मोरी, रांजणाचा कठडा आणि खुराडे एवढेच बांधता येते. सबब पाऊस सरल्यावर, जूनमध्ये, मी खुराड्यासाठी अर्ज केला. परवानगी चार दिवसांत आली, त्याबद्दल आभारी आहे. लांबी बारा हात, वर गवताचे छप्पर, बसायला गुळगुळीत कड. आपले निरीक्षक पाहणीस आले तेव्हा खुराड्यात सात म्हाताऱ्या बसल्या होत्या. "कोंबड्या कुठायत?" असे त्यांनी विचारले. फानेसी म्हणाली, "आम्हीच की! अंडी तेवढी मागू नका, साहेब." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तीन कोंबड्या आणून बांधल्या. पूर्ततेदाखल त्यांचा उल्लेख सोबतच्या यादीत केला आहे.

७. महोदय, बायको गेल्यावर रिवाजाप्रमाणे मी माझ्या गावी परतायला हवे होते. तिच्या माणसांनी नियमाप्रमाणे निरोपही दिला. मी या ओट्यापायी राहिलो. नोटीस आल्याचे कळताच फानेसीने चटई झटकून दाराशी उभी करून ठेवली आहे. मी विचारले, तर म्हणाली, "इथलं मोडलं तर खाली ताईचा ओटा आहेच, अजून गेलेला नाही." बाकीच्या सहाही जणी तिच्यामागून जातील. डिसेंबरात इथला पावसाळा लागेल, नदी पुन्हा चढेल. मी त्यांना किती दिवस अडवणार? बायकोला अडवू शकलो नाही.

८. तरी विनंती, की ओटा राहू द्यावा. माझ्यावर काय ती कारवाई करावी, यापुढे वसाहतीत काम न दिले तरी चालेल. उरलेल्या घरांना ओटे घालायचे झाल्यास मी विनामोबदला घालून देईन. आणि पाडायचाच झाल्यास आपली माणसे पाठवू नयेत, मला कळवावे. माझ्या हातचा आहे, मीच काढीन. पण त्याआधी आपण एकदा स्वतः यावे, थोडा वेळ ओट्यावर बसावे आणि या बायकांना काय हवे ते विचारावे.

आपण आलात की आम्ही टाळ्या वाजवू, त्याला इलाज नाही. कृपया त्या संमती म्हणून लिहून घेऊ नयेत. टाळ्या थांबेपर्यंत थांबावे. या वेळी मी बोलणार आहे.

आपल्याच घरांचा गवंडी,
वायसन माकुंगवा
(घर क्रमांक ४१, कै. लोसालिया यांच्या नावे)

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) खुराडे-परवानगीपत्राची प्रत.
३) ओट्यावर बसणाऱ्या सात जणींचे अंगठे.
४) कोंबड्या तीन (अर्जास जोडलेल्या नाहीत, जागेवर पाहाव्यात).